ढिली दिसणारी चेन

मागच्या पावसाळ्यात माझ्या डर्ट बाइकची चेन अवघ्या ४,७०० किलोमीटरमध्ये संपली. चेन निकृष्ट नव्हती आणि तिच्या देखभालीतही मी कसूर केली नव्हती. प्रत्येक फेरीनंतर ती रॉकेलने पुसून, वाळवून तिला गिअर ऑइल लावण्याचा माझा नेम होता. तिचा घात केला तो माझ्या टापटिपीच्या हौसेने. खाली लोंबणारी चेन डोळ्यांना खुपते म्हणून मी ती दर पंधरा दिवसांनी ताणत असे, आणि किती ताणायची याचे माप मी घेतले होते रोज ऑफिसला नेतो त्या गाडीवरून. त्या गाडीला पंचवीस मिलिमीटरचा खेळ, म्हणजे चेनला मध्यावर वरखाली हलायला तेवढी मोकळीक, योग्य आहे. या गाडीला तो मारक ठरतो, हे मला नवी चेन घरी बसवताना कळले.

गाडी दोनशे सीसीची, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाकांची, सेकंड-हँड घेतलेली. आधीचा मालक ती मोटोक्रॉसच्या शर्यतींत पळवत असे, त्यामुळे त्याने मूळ स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चक्रे, काढून पुढे १३ आणि मागे ४५ दातांचे बसवले होते, आणि चेनही त्याला जुळणारी ५२० मापाची घातली होती. यातला ५ म्हणजे दोन पिनांमधले अंतर इंचाच्या पाच अष्टमांश, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर, आणि २० म्हणजे आतली रुंदी इंचाच्या दोन अष्टमांश, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. अशा फेरफार केलेल्या गाडीला कंपनीच्या यादीतला तयार चेन सेट चालत नाही. दात मोजायचे, कड्या मोजायच्या आणि त्याप्रमाणे सुटे भाग मागवायचे, एवढाच मार्ग उरतो.

चेन संपल्याची पहिली खूण मागच्या स्प्रॉकेटवर दिसली. स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढली, तर अर्धा दात उघडा पडत होता. मग खालची बाजू ताणून धरून वीस कड्यांची लांबी मोजली. नव्या ५२० चेनमध्ये ती ३१७.५ मिलिमीटर भरते. माझ्या चेनची ३२२ भरली, म्हणजे जवळजवळ दीड टक्का वाढ. याला सगळे ‘चेन ताणली’ म्हणतात. पण पट्ट्यांचे पोलाद काही रबरासारखे ताणले जात नाही. पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकींवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट वाढते, आणि शंभरहून अधिक सांध्यांची बेरीज होऊन चेन लांबते. ही झीजही सगळीकडे सारखी नव्हती. चाक हाताने फिरवले की चेन एका ठिकाणी लोंबायची आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तारेसारखी ताठ व्हायची. पुढच्या स्प्रॉकेटचे दात एका अंगाने कोयत्यासारखे वळले होते. त्याहून वाईट म्हणजे त्या स्प्रॉकेटच्या मागच्या ऑइल सीलमधून, म्हणजे इंजिनातले तेल अडवणाऱ्या रबरी कडीतून, तेल पाझरू लागले होते.

ते सील मी गॅरेजमध्ये बदलून घेतले. चेनही तिथेच बदलायची, असे ठरले होते. पण खेळ किती ठेवणार, असे विचारल्यावर “साहेब, चेन टाइटच पाहिजे, नाहीतर खडीवर उतरेल,” असे उत्तर मिळाले. काही महिन्यांपूर्वी मीही हेच उत्तर दिले असते. पण सील फुटण्याचे कारण काय असेल, याचा विचार डोक्यात घोळत होता, म्हणून सुटे भाग घेऊन घरी आलो आणि रविवार मोकळा ठेवला.

डर्ट बाइकला मधला स्टँड नसतो, म्हणून इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याखाली घरातला जुना चौरंग सरकवला. तो गणपतीचा चौरंग नव्हे, याची आईने दोनदा येऊन खात्री करून घेतली. मदतीला मेव्हणा होता. काम सुरू करण्यापूर्वी गाडीची चावी काढून खिशात ठेवली. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडके धरणारे लोक मी पाहिले आहेत; ते फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले गेले तर बोट सोडवायला क्षणाचाही अवकाश मिळत नाही.

एक गोष्ट जुनी चेन तोडण्याआधीच करावी लागते. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट आणि मागच्या स्प्रॉकेटचे नट जुनी चेन जागेवर असतानाच, मागचा ब्रेक दाबून धरून सैल करून घ्यायचे. चेन निघाली की पुढचा स्प्रॉकेट मोकळा फिरतो आणि पाना लावला तरी नुसता शाफ्ट गरगरतो. माझ्या गाडीत पुढचा स्प्रॉकेट दोन लहान बोल्टांच्या पट्टीने अडवलेला आहे, त्यामुळे ते सहज झाले. त्यावरचे झाकण काढले, तेव्हा आत काळ्या मातीचा आणि जुन्या ग्रीसचा लगदा विटेसारखा घट्ट बसलेला होता. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर त्याची सबंध ढेप हातात आली आणि तिच्या आतल्या बाजूवर चेनच्या कड्यांचा ठसा स्वच्छ उमटलेला दिसला. सासवडच्या बाजूच्या शेतरस्त्यांवरची ही माती पावसात चाकाला चिकटते, तशीच चेन आणि दात यांच्या मधेही भरते; मग चेन दाताच्या मुळाशी न बसता मातीच्या थरावर चढते आणि आहे त्याहून आणखी ताणली जाते. आधीच ताठ असलेल्या चेनला हा वरचा ताण कुठून सोसणार!

जुनी चेन रिव्हेट केलेली होती, उघडण्याची कडी तिच्यात नव्हती. अशा चेनच्या पिनेचे डोके फुलवलेले असते आणि चेन ब्रेकर, म्हणजे पिन ढकलून चेन तोडायचे हत्यार, थेट लावला तर अनेकदा ब्रेकरचीच सुई मोडते, म्हणून एका कडीच्या दोन्ही पिनांची डोकी आधी ग्राइंडरने सपाट केली. ठिणग्या उडणार होत्या, म्हणून टाकीवर ओले गोणपाट टाकले आणि पेट्रोलचा कॉक बंद केला. त्यानंतर ब्रेकरने पिन ढकलताच पट्टी सुटून आली. सुटलेल्या पिनेचा मधला भाग बोटाने चाचपला, तर एका बाजूला खाच पडल्याचे नखाला लागत होते. साडेचार मिलिमीटरची सगळी वाढ अशा वीस खाचांची होती. बुश (पिनेभोवतीची नळी) आणि रोलर असलेल्या या चेनचे पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला घेतले. तेव्हापासून तिची मूळ रचना तीच आहे, नवे आहे ते पिनेभोवती ग्रीस कोंडून ठेवणारे रबराचे ओ-रिंग. चेनला रॉकेल चालते पण पेट्रोल आणि तारेचा ब्रश चालत नाही, ते याच रबरासाठी.

मागचे चाक काढणे, हबमधली रबरे तपासणे, ४५ दातांचा नवा स्प्रॉकेट बसवून नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळणे, यात विशेष काही घडले नाही. मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यावरच्या, म्हणजे स्विंगआर्मवरच्या, रबरी स्लायडरला मात्र चेनने खोल चर पाडले होते. आणखी महिनाभर गेला असता तर चेन अॅल्युमिनियमवर घासू लागली असती. तोही बदलला. जुने स्प्रॉकेट ठेवून नुसती चेन बदलायची काटकसर अनेक जण करतात, पण झिजलेल्या दातांचे अंतर नव्या चेनच्या कड्यांशी जुळत नाही आणि नवी चेन जुन्या दातांच्या वळणाने झिजू लागते.

नवी चेन १२० कड्यांची होती आणि मला ११२ हव्या होत्या. इथे घाई केली तर पैसे पाण्यात, कारण तोडलेली चेन पुन्हा वाढवता येत नाही. आतली कडी आणि बाहेरची कडी एकाआड एक येत असल्याने एकूण संख्या नेहमी सम असावी लागते. जोडणारे चेन लॉक ही स्वतःच एक बाहेरची कडी असते, म्हणून चेनचा प्रत्यक्ष तुकडा १११ कड्यांचा आणि दोन्ही टोकांना आतली कडी असलेला हवा. हे मी वहीत चित्र काढून पक्के केले होते, तरी फरशीवर चेन पसरून दर दहाव्या कडीवर खडूची रेघ मारत मोजताना लॉक धरून पहिल्यांदा ११३ आले. मेव्हण्याने मोजल्यावर ११२ आले. तिसऱ्यांदा दोघांनी मोठ्याने मोजले आणि तो बरोबर निघाला. तरीही मोजणीवर न विसंबता चेन दोन्ही स्प्रॉकेटवरून प्रत्यक्ष फिरवून, एक्सल, म्हणजे मागच्या चाकाचा आस, खाचेच्या पुढच्या भागात ठेवून टोके जुळवून पाहिली, कारण पुढे चेन झिजली की एक्सल मागे सरकवायला जागा उरली पाहिजे. मगच ब्रेकर लावला.

पुढचा स्प्रॉकेट १३ दातांचा असण्याचा फायदा त्या वेळी लक्षात आला. ११२ ला १३ ने भाग जात नाही, त्यामुळे एकच दात त्याच त्या कडीवर बसत नाही. फिरत फिरत प्रत्येक दाताची गाठ प्रत्येक कडीशी पडते आणि झीज वाटली जाते.

चेन लॉकचे काम मात्र मला सगळ्यांत अवघड गेले. लॉकच्या पिनांना पाकिटातले ग्रीस लावले, आतल्या बाजूचे दोन ओ-रिंग घातले, पिना दोन्ही टोकांतून बाहेर काढल्या, बाहेरच्या बाजूचे दोन ओ-रिंग घातले आणि वरून पट्टी बसवली. ती हाताने बसत नाही. प्रेसने दाबावी लागते, आणि किती दाबायची याला फार थोडी मोकळीक असते. कमी दाबली तर, पट्टी निसटू नये म्हणून वरून जी क्लिप बसवतात, तिची पिनेवरची खाच उघडी पडत नाही. जास्त दाबली तर ओ-रिंग चिरडतात आणि तो सांधा आखडतो. मी दर पाव फेऱ्याला थांबून नखाने खाच शोधत होतो. दोन्ही खाचा दिसल्यावर क्लिप ठेवली आणि पक्कड लावून ढकलली, तर ती टिचकी मारल्यासारखी उडाली आणि पार्किंगमध्ये कुठे गेली, ते आजतागायत समजलेले नाही. मेव्हणा मोबाइलचा उजेड घेऊन अर्धा तास शेजाऱ्यांच्या गाड्यांखाली शोधत होता. शंभर-दीडशे रुपयांचे दुसरे लॉक मी आधीच आणून ठेवले होते, म्हणून रविवार वाया गेला नाही. दुसऱ्या वेळी डाव्या हाताचा अंगठा क्लिपवर दाबून ठेवला आणि ती सरकून ‘टक्’ असा आवाज करत बसली. क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला ठेवायचे असते. उघडे तोंड पुढे आले तर वाटेतली काटकी किंवा दगड तिला उचकटू शकतो. नंतर तिच्यावर सिलिकॉनचा एक लहान ठिपकाही दिला, ओळखीच्या शर्यतवाल्यांची ती रीत आहे.

आता खेळ ठरवायचा होता, आणि या सगळ्या खटाटोपाचे कारण तेच होते. पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बिजागर बोल्ट आणि मागचा एक्सल, हे आपल्या हाताचे खांदा, कोपर आणि मनगट आहेत असे समजावे. कोपर वाकलेले असते तेव्हा मनगट खांद्याजवळ असते. हात सरळ केला की ते सर्वांत लांब जाते. गाडी चौरंगावर उभी असते तेव्हा मागचे चाक खाली लोंबते, कोपर वाकलेले असते आणि चेन ढिली दिसते. खड्ड्यातून जाताना शॉकअब्सॉर्बर दबतो, चाक वर येते, आणि एका क्षणी तिन्ही केंद्रे एका रेषेत येतात. चेनला सर्वांत जास्त लांबी त्या क्षणी लागते. ऑफिसच्या गाडीचे चाक वरखाली फार सरकत नाही, म्हणून तिथे हा फरक क्षुल्लक असतो. डर्ट बाइकचे चाक वीतभर सरकते आणि फरक मोठा होतो. मी चौरंगावर चेन नीटनेटकी करत होतो आणि प्रत्येक दणक्याला ती दात, बेअरिंग आणि ऑइल सील यांना ओढत होती.

म्हणून तिन्ही केंद्रे प्रत्यक्ष एका रेषेत आणायची ठरवली. गाडी चौरंगावरून उतरवली, मी हँडल धरले आणि नव्वद किलोच्या मेव्हण्याला सीटवर बसवले. चाक बरेच वर आले, पण सुतळी धरून पाहिली तर बिजागर अजून रेषेच्या दोन बोटे वरच होता. मी त्याला आणखी मागे सरकून बसायला सांगितले. “दाजी, मला शॉकअब्सॉर्बरचा बोल्ट समजताय का तुम्ही?” असे म्हणत तो उतरला आणि आपल्या टेम्पोतला माल आवळायचा पट्टा घेऊन आला. सीट काढून तो पट्टा मागच्या फ्रेमवरून आणि स्विंगआर्मखालून घेतला, दांडा खटखट ओढत शॉकअब्सॉर्बर दाबला, आणि सुतळी तिन्ही केंद्रांवरून सरळ गेली तिथे थांबलो. या स्थितीत चेनचा खालचा भाग मध्यावर वरखाली हलवून बारा मिलिमीटर खेळ राहील असे समायोजक बोल्ट फिरवले. पट्टा सोडून गाडी पुन्हा चौरंगावर घेतली आणि त्याच ठिकाणी मोजले, तेव्हा खेळ बावन्न मिलिमीटर भरला.

बावन्न मिलिमीटर म्हणजे चेन लोंबते. पाहणारा प्रत्येक जण सांगतो की ती आवळून घ्या. पण पंचवीस मिलिमीटरवर आणायला एक्सल किती मागे घ्यावा लागतो, याचा हिशेब करून पाहिला, तर पाऊण ते एक मिलिमीटर. बोल्टाच्या एखाद्या फेऱ्यात होणारे हे काम मी दर पंधरा दिवसांनी हौसेने करत होतो. बावन्नचा आकडा माझ्या गाडीपुरताच आहे. प्रत्येक गाडीत बिजागर, स्प्रॉकेट आणि चाकाचा प्रवास वेगळे असतात. रेषेत आणून मोजण्याची पद्धत मात्र कोणत्याही गाडीला चालते, आणि एकदा असे मोजून आपल्या गाडीचा चौरंगावरचा आकडा काढून ठेवला की पुढच्या वेळी पट्टा लागत नाही.

चाक सरळ बसले की नाही, हे स्विंगआर्मवरच्या खुणा पाहून ठरवण्याचा मोह झाला. तो टाळून बिजागर बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या एका पट्टीवर खूण करून ताडून पाहिले, तर खुणा सारख्या असताना डावी बाजू दोन मिलिमीटर मागे होती. चेन एका कडेने घासत असल्याचे जुन्या स्प्रॉकेटच्या चकाकणाऱ्या डाव्या अंगावरून आधीच दिसत होते. ते दुरुस्त केले, चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मधे जाड फडक्याची घडी अडकवून चाक हाताने किंचित फिरवले, त्यामुळे एक्सल पुढे ओढला जाऊन समायोजकांना घट्ट टेकला, आणि त्याच स्थितीत एक्सलचा नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पुस्तिकेत दिल्याइतका आवळला. फडके काढून खेळ पुन्हा मोजला, कारण नट आवळताना तो बदलू शकतो. पन्नास भरला, तेवढे ठीक होते.

पुढच्या रविवारी बोपदेव घाटातून सासवडच्या बाजूला गेलो आणि साठ किलोमीटर मुरमाच्या, थोड्या चिखलाच्या रस्त्यावर फिरून आलो. पहिल्या उतारावर चेन स्लायडरवर आपटल्याचा आवाज आला आणि माझा हात आपोआप पान्याकडे जाईल की काय असे वाटले. पण तो आवाज ब्रेक दाबून गॅस सोडताना येणारा नेहमीचाच होता, इतके दिवस ताठ चेनमुळे ऐकू येत नव्हता एवढेच. घरी आल्यावर चेन कोमट असतानाच पुसून तिला गिअर ऑइल लावले, जास्तीचे टिपून घेतले, आणि सगळे नट तपासले. मागच्या स्प्रॉकेटचा एक नट पाव फेरा फिरला, बाकीचे हलले नाहीत. क्लिप सिलिकॉनच्या ठिपक्याखाली होती तशीच होती. खेळ चोपन्न मिलिमीटर झाला होता, नवी चेन बसताना एवढे होणारच. पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणात माती भरली होती. ती काडीने काढली, आणि ओल्या शेतरस्त्यावरून आल्यावर ते झाकण दर वेळी उघडायचे असे ठरवले. तिसरे लॉक आणून सीटखालच्या पाकिटात ठेवले आहे, क्लिप वेगळ्या डबीत.